एकसष्टावं पान

लोरहाइमपाशी माइन नदी असं वळण घेते की गाव तिन्ही बाजूंनी पाण्यातच बसल्यासारखं वाटतं. नदीकडच्या वेशीच्या तांबड्या दगडावर जुन्या पुरांच्या रेघा कोरलेल्या आहेत. सगळ्यात वरची १७८४ सालची. ओट्मार रूले मास्तरांनी तेहतीस वर्षं शाळेतल्या मुलांना त्या रेघा मोजायला लावल्या आणि निवृत्त झाल्यावर गावाचा इतिहास-भूगोल लिहिला. १९९४ च्या मे महिन्यात, गावाच्या साडेसातशेव्या वर्षी, तो छापून आला.

तिसऱ्या आठवड्यात पुस्तकांच्या दुकानातून त्सेन्टा ह्योर्नलाइनचा फोन आला.

"मास्तर, तुमच्या पुस्तकाला ओल येतेय."

"तळघरात ठेवलीस का?"

"वरच्या फळीवर आहेत. शेजारचं पाककृतींचं पुस्तक खडखडीत कोरडं आहे."

मास्तर जाऊन पाहून आले. चाळीसच्या चाळीस प्रतींत एकसष्टावं पान तेवढं ओलं होतं. हाताला गार लागत होतं. नदीच्या गाळाचा वास येत होता. छापखान्याने कुरकुरत नव्या प्रती दिल्या. दोन दिवसांत त्याही तशाच झाल्या, आणि पानावरचं एकच वाक्य फुगून वर आलं: '१९४२ साली काठावरच्या गल्लीतली ज्यू कुटुंबं गाव सोडून गेली.'

रविवारी मास्तर एक प्रत घेऊन थोरल्या बहिणीकडे गेले. वालबुर्गाने त्यांच्यापुढे प्लमचा केक ठेवला, चष्मा लावला आणि ते पान बराच वेळ वाचलं.

"गेली म्हणे. आपण दोघं खिडकीतच उभे होतो की रे. दोन्ही बाजूंना पोलीस होते."

"उत्सव समितीला असंच हवं होतं, वाल्ली."

"समितीचा अध्यक्ष कोण? तूच ना?"

मास्तरांनी केकला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ते दौत-टाक घेऊन दुकानात बसले आणि चाळीसही प्रतींत 'गाव सोडून गेली' खोडून वर लिहिलं, 'इथून पकडून नेली'. गिऱ्हाइकं बघत होती. मास्तरांचे कान तापले होते, पण मान वर झाली नाही. संध्याकाळपर्यंत एकूण एक पान वाळलं.

घरच्या प्रतीतही त्यांनी तीच दुरुस्ती केली. ते पान मात्र वाळेना. त्यांनी ते स्टोव्हजवळ धरलं, इस्त्री फिरवली. पाणी पुन्हा वर आलं.

मंगळवारी दुपारी त्यांनी दार लावून घेतलं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'पूर्वी माझ्या वर्गात असलेली रूत हामेलबाखर त्या दिवशी जाताना आमच्या दारात थांबली. माझ्या मांजराला रोज दूध घालशील का, म्हणाली. मी हो म्हणालो. घातलं नाही.'

बावन्न वर्षांत त्यांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. लिहून झाल्यावर छाती हलकी वाटली. पान डोळ्यांदेखत वाळलं.

बुधवारी सकाळी पुन्हा फोन वाजला.

"मास्तर, तुम्ही काल दुकानात आला होतात?"

"नाही. का?"

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.

"या जरा."

काउंटरवर सदतीस प्रती उघड्या ठेवलेल्या होत्या. प्रत्येक समासात त्यांचा मजकूर होता. त्यांचंच बारीक अक्षर, त्यांचीच शाई.

फक्त तो 'घातलं नाही'पाशी संपत नव्हता.

खाली आणखी एक ओळ होती. गोल, दाबून काढलेली अक्षरं. शाळेच्या वहीत अकराव्या वर्षी ते काढायचे तशी.

त्सेन्टाने ती आधीच वाचली होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

'त्याच दुपारी पोरांना हसवायला मी त्याला गोणीत घालून नदीत सोडलं. ते बराच वेळ ओरडत होतं.'

"दार उघडलं तेव्हाच तीन प्रती विकल्या गेल्या, मास्तर," ती हळूच म्हणाली. "त्यातली एक तुमच्या बहिणीने नेली."