आद्यगुरूंची दोनशे सहा हाडं

सकाळी आठला पोलीस ठाण्यात फोन वाजला.

"आमचे आद्यगुरू गायब झालेत!"

"शेवटचे कधी दिसले?"

"काल संध्याकाळी. काचेच्या कपाटात."

"कपाटात? वय काय त्यांचं?"

"वारून एकतीस वर्षं झाली."

इन्स्पेक्टरबाईंनी चहा तसाच ठेवला आणि निघाल्या.

प्रकार साधा होता. मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागाच्या संस्थापकांनी देहदान केलं होतं. त्यांचा सांगाडा शरीरशास्त्राच्या इतिहासाच्या नव्या दालनात टांगला होता. अकरा वाजता उद्घाटन. आणि आता कपाटात फक्त टांगायचा आकडा आणि नावाची पितळी पाटी.

कुलूप शाबूत. काच शाबूत. सांगाडा ज्या तारांनी जोडला होता, त्या तळाशी पडलेल्या. एकही कापलेली नाही. पीळ उलगडून, नीट वेटोळी करून ठेवलेली.

"किल्ली कोणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक हाडमावशींकडे," विभागप्रमुख म्हणाले.

"तुम्हाला तारा अशा सोडवता येतात?"

"मी प्राध्यापक आहे हो. मला घरचा बल्बसुद्धा बदलता येत नाही."

बाई दालनातून फिरल्या. भिंतीवर इतिहास क्रमाने मांडला होता. आधी माकडं-डुकरं फाडून माणसाबद्दल अंदाज बांधणारे विद्वान. मग फाशी गेलेल्यांची प्रेतं. मग कबरी उकरणारे चोर. आणि त्यांच्या शेजारी थेट आद्यगुरूंचं रिकामं कपाट.

"मधे कोणी नव्हतं?"

"मधे म्हणजे?"

"चोर आणि तुमचे आद्यगुरू यांच्या मधे."

"छे! कोणी महत्त्वाचं नाही."

हाडांच्या कोठीत हाडमावशी फडकं पिळत होत्या. वय चोपन्न, नोकरी तीस वर्षं. विद्यार्थ्यांना अभ्यासाला हाडांच्या पेट्या देणं-घेणं आणि सांगाडे तारेत ओवणं हे त्यांचं काम.

"परवा रजेवर होता?" बाईंनी हजेरीवही चाळत विचारलं.

"हो. आजोबांचा अंत्यविधी होता."

"अरेरे. वय काय होतं त्यांचं?"

"चौतीस."

प्रमुख मोबाइलमध्ये होते. बाईंनी आकडा लिहिला आणि पेन तसंच धरून ठेवलं.

तेवढ्यात एक विद्यार्थिनी डोळे पुसत आत आली. "मावशी, माझ्या पेटीतल्या माणसाला गुडघ्याच्या तीन वाट्या आहेत. दहाला परीक्षा आहे हो!"

"अभ्यास वाढव," प्रमुख खेकसले.

"तिघींच्या पेट्यांत असंच झालंय, सर. एकीला दोन उजव्या मांड्या आल्यात."

बाईंनी फळीकडे पाहिलं. चाळीस पेट्यांपैकी एकोणचाळीस आज सकाळीच परीक्षेसाठी वाटलेल्या. सतरा नंबरची तेवढी जागेवर. झाकण उघडलं. आत काहीच नाही. तळ पुसून लख्ख केलेला.

बाईंनी दार लोटून घेतलं.

"सर, तुमचे आद्यगुरू इमारतीबाहेर गेलेच नाहीत. एकोणचाळीस पोरांच्या पेट्यांत पाच-पाच, सहा-सहा हाडं करून वाटले गेलेत. त्यांना उतरवायला तारेवर हात बसलेला माणूस हवा, आणि पेट्या भरतात मावशी. बाहेर गेला तो सतरा नंबर. तोच चौतीस वर्षांचा आजोबा. हो ना, मावशी?"

मावशींनी फडकं वाळत घातलं.

"हमाल होते. रस्त्यात कोसळले. आजी तिसऱ्या दिवशी शोधत आली. हे तुमचे आद्यगुरू म्हणाले, बेवारस होता, मुदत संपली. हाडं तरी द्या म्हणाली, तर म्हणे हाडांना नाव नसतं, बाई. डावं खांद्याचं हाड मोडून तिरपं जुळलेलं, एवढीच खूण आजीने सांगितली होती. मी इथे कामाला लागले त्याच आठवड्यात ते सापडलं. तीस वर्षं माझ्याच हाताने आजोबा पोरांना वाटले, सर. पोरं त्यांच्यावर लाल-निळ्या खुणा करायची. आणि याला पितळी पाटी?"

"तीस वर्षं गप्प का बसलात?" बाईंनी विचारलं.

"तुमचा आद्यगुरू कपाटात नव्हता तेव्हा. आधीच्या सरांच्या खोलीत कुलपात होता."

प्रमुख पुढे सरसावले. "वेड्या आहात! छिद्रांवरून शोधून काढीन मी. तार ओवलेली हाडं ती आमची!"

"सगळ्याच हाडांना छिद्रं आहेत, सर. इथे सगळेच कधी ना कधी टांगलेले आहेत. कुठलं त्याचं, ते मला एकटीला ठाऊक."

"इन्स्पेक्टर, अटक करा!"

"करते की. चोरीला काय गेलं, लिहून द्या. सतरा नंबर, माणूस एक. कोणाच्या परवानगीने आणला होता तेही लिहा."

प्रमुखांनी पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. घड्याळात साडेनऊ झाले होते.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "काय हवंय तुम्हाला?"

मावशींनी फळीवरून जुनं, फुगलेलं रजिस्टर काढलं. "यात बेवारस म्हणून आणलेल्यांची नावं आहेत. एकशे एक्याण्णव. चोरांच्या शेजारच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने लिहा. एका नावाला एक हाड परत."

"पण हाडं दोनशे सहा आहेत!"

"उरलेली पंधरा माझ्याकडे राहतील."

"त्यात काय काय असेल?"

"ते तुमच्या अक्षरावर आहे, सर."

प्रमुखांनी बाईंकडे पाहिलं. बाई विद्यार्थिनीला तिसरी वाटी कुठे लपवावी ते समजावत होत्या.

दहाला पाच मिनिटं असताना प्रमुख खडू घेऊन स्टुलावर चढले. एका हमालाचं नाव भिंतीवर उमटलं. मावशींनी ते दोनदा वाचलं, एक काना दुरुस्त करायला लावला आणि मूठ उघडली.

"हे घ्या. डाव्या पायाची करंगळी, शेवटचं पेर."