मुशीच्या तोंडाशी घोडेस्वार

बेलभंडारा उचलून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे! ज्याला पटत नसेल त्यानं आत्ताच उठावं, आणि जाताना पंखा बंद करावा!

तर, शिरूरच्या सोनाराची मूस लालबुंद झाली होती. देव्हाऱ्यातले झिजलेले टाक तिच्यात वितळवून नवे करायचे होते. टाक म्हणजे देव ठोकून काढलेला चांदीचा पातळ पत्रा. सत्यजीतमामांनी ते कवठे येमाईहून रुमालात बांधून आणले होते. सोनारानं खंडोबा चिमट्यात धरला आणि...

"थांबा!" राजनंदिनीनं झडप घालून तो हिसकावला. त्याच क्षणी त्यावरचा घोडा चक्क फुरफुरला!

दिवाळीच्या सुट्टीत दौंडहून आलेल्या या पोरीला नाण्यांचं भारी वेड. बिस्किटांचा डबा भरून नाणी होती तिच्याकडे. सकाळी चिंचेनं टाक घासतानाच हा तिला जाड लागला होता.

"मामा, हा टाक न्हाई. नाणं हाय!"

"खंडोबाला नाणं म्हणतीस? घोडा, तलवार दिसंना व्हय?"

"मग म्हाळसा कुठंय? घोड्यावर त्याच्यासंगं बसती ती?"

"झिजली असंल!"

"आन् पाठ? बाकीचे टाक मागून खोलगट. ह्याच्या पाठीवर सिंह!"

मामांचा ज्ञानू खो खो हसला. "पप्पा, सिंहावर तर देवी बसती!"

"तू गप रं! नंदे, आमच्या पणज्यानं पुजलाय त्याला. दे इकडं!"

"पणज्यानं पुजलं ते वितळवताय कशाला? न्हाई देणार!"

मामा पुढे सरसावले. पोरीनं एकदम आवाज मऊ केला. "बरं, शेवटचं दर्शन तरी घेऊ द्या."

"घे, पण लवकर!"

तिनं टाकावर कोरा कागद ठेवला आणि पेन्सिल खसाखसा घासली. कागदावर घोडेस्वार उमटला. त्याच्याभोवती अक्षरं!

"मामा, खंडोबा ए-बी-सी-डी कवा शिकला?"

उलटून घासलं, तर सिंहाखाली साल! सतराशे आणि काहीतरी. ज्ञानूनं पप्पांचाच मोबाईल उचलून फोटो काढला, शोधला. पडद्यावर हुबेहूब तोच स्वार!

"डच! हॉलंडचं नाणं!" ज्ञानूनं वाचून दाखवलं. "जहाजातून इकडं व्यापाराला यायचं!"

सोनारानं चिमटा खाली ठेवला. "वाचलो बाबा! मुशीत गेलेलं परत येत न्हाई."

घरी सावळाराम आबांनी सगळं ऐकून घेतलं. भंडाऱ्याची चिमूट आधी नाण्याला लावली, मग नातीच्या कपाळाला.

"एवढा समुद्र ओलांडून आला, आन् शिरुरात वितळला असता! शाब्बास पोरी! आता ह्यो तुझ्या डब्यात ऱ्हाईल. पण चंपाषष्ठीला देव्हाऱ्यात आणायचा. एवढी वर्षं आपला भंडारा खाल्लाय त्यानं, घरचाच हाय. आन् सत्या, तुला पत्रा आन् नाणं वळखंना व्हय रं?"

मामा रुमाल झटकत बाहेर सटकले.

आता घोडा फुरफुरला, तेवढं मात्र मी घुसडलं. घोडा कसला फुरफुरतोय! सत्यजीतमामा फुरफुरले होते!