लांबट डोक्याची अंपायर

“मॅडम, हॅटची चूक न्हाई. तुमचं डोकंच लांबट हाय.”

लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या त्या टोप्यांच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, हे! मी तडकलेच.

“मग डोकं बदलून देता का?”

“छे! डोकं लई झकास हाय. हॅटचंच बघू की.”

एरवी मी हसले असते, पण तेव्हा रडकुंडीला आले होते. सकाळी सेमीफायनलला मी अंपायर होते. षटकार गेला, दोन्ही हात वर केले आणि हॅट पाठीमागे घरंगळली. पुढच्या षटकारालाही तेच! सगळं मैदान खिदळलं. स्पर्धा भरवणारे माणिकप्पा मामा म्हणाले, “विशाखा, फायनलला असा तमाशा झाला, तर पुढच्या वर्षीपासून बाई अंपायर बंद.” फायनल चार वाजता होती, आणि बिनाहॅटची उभी राहीन म्हटलं तर एप्रिलचं लातूरचं ऊन!

त्या दुकानदारानं, महांतेशनं, एक मऊ तार घेतली. “लावू... डोक्याला?”

मी नुसतं “हं” म्हणाले.

तार कपाळावरून कानांमागे फिरली. बोटं केसांना लागू नयेत म्हणून तो इतका जपत होता, की मीच श्वास धरून ठेवला. मग तार कागदावर ठेवून त्यानं कडेनं पेन्सिल फिरवली.

“बघा. हॅट गोल, डोकं लांबट. म्हणून पुढं-मागं दाबतीय आन् बाजूनं ढिली पडतीय.”

शेजारच्या चहावाल्याच्या किटलीच्या वाफेवर धरून त्यानं हॅट दाबली, आतून दोन्ही बाजूंना मऊ पट्ट्या शिवल्या आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

“हलवा मान.”

मान जोरात हलवली. हॅट जागची हलली नाही. आरशात तो हसला आणि... मला आवडला. एकदम आवडला!

फायनलचं शेवटचं षटक. बोलरनं टोपी काढून माझ्या हातात दिली. बघते तर महांतेश!

“तुम्ही?”

“आमच्याच टीमची फायनल! दुकान बंद करून आत्ताच पळत आलो. टोपी सांभाळा.”

शेवटचा चेंडू, पाच धावा हव्या होत्या. महांतेश धावत आला आणि दांडी गुल! त्याचे सोबती उड्या मारत सुटले. पण त्याचा पाय रेषेच्या पुढं पडलेला मी पाहिला होता. मी ओरडले, “नो बॉल!” आणि हात आडवा केला.

पुन्हा टाकलेल्या चेंडूवर षटकार गेला. मी दोन्ही हात वर केले... हॅट जागच्या जागी! माणिकप्पा मामांनीच पहिली टाळी वाजवली.

महांतेश टोपी न्यायला आला. माझ्यानं वर बघवेना.

“रागावलात?”

“पाय माझाच पुढं पडला, मॅडम.” मग हळूच, “हॅट पडली का?”

“न्हाई.”

“मग झालं तर!” त्यानं खिशातून तो पेन्सिलीचा कागद काढला. “हे माप... ठेवून घेऊ का? बाशिंगाला लागंल पुढं.”

कान तापले माझे. “आमच्या लग्नात बाशिंग नसतंय. पांढरी साडी आन् बुद्धवंदना.”

“मग... हॅट घालून उभ्या राहा!”

मी हसत सुटले. त्यानं टोपीसाठी हात पुढं केला. मी ती पाठीमागे लपवली.

“टोपी पाहिजे तर रविवारी रेणापूरला या. आई-बाबा घरीच असतात.”