लेमन बाम आणि लेंडीखत

बिरदेवच्या आधी माझ्या आयुष्यात त्याची शेळी आली, आणि आल्या आल्या माझं लेमन बाम खाऊन बसली.

सोनपेठचा आठवडी बाजार होता. थंडीचे दिवस, आणि वारा असा कोरडा, की बोलायला तोंड उघडावं तर ओठ ताणले जावेत. इथल्या शाळेत मी विज्ञान शिकवते, भाड्याच्या खोलीत राहते आणि गच्चीवर कुंड्या लावते. परभणीहून एक नवं रोप एसटीत मांडीवर घेऊन आले होते. पुदिन्यासारखं दिसणारं, पण पान चुरगळलं की लिंबाचा वास सुटणारं... मेथी निवडायला कुंडी जरा खाली ठेवली. वळून बघते तर कुंडीत नुसते खुंट! आणि एक पांढरी शेळी शांतपणे तोंड हलवत माझ्याकडे बघतेय.

"अहो, कुणाची ही शेळी?"

"माझी जी," दोरी धरलेला, गळ्यात मफलर गुंडाळलेला उंच तरुण म्हणाला. "चांदी नाव हाय तिचं. पुदिना व्हता का?"

"पुदिना नाही, लेमन बाम!"

"बाम? मग आता चांदीचं डोकं दुखायचं न्हाई."

"वर हसता?"

"हसत न्हाई मॅडम. हसवू बी नका... ओठ लय उललेत."

खरंच, त्याच्या खालच्या ओठावर रक्ताचा बारीक थेंब आला होता. माझा राग अर्धा तिथंच उतरला. उरलेला अर्धा मी मुद्दाम धरून ठेवला.

"काही लावत का नाही ओठांना?"

"माय म्हणती बेंबीत तेल घाल."

"मग?"

"घालायलोय की रोज. बेंबी लय मऊ झाली."

मी खळखळून हसले. त्यालाही हसू आवरेना, आणि एका हाताने ओठ दाबत, दुसऱ्या हाताने शेळी ओढत तो बिचारा गर्दीत दिसेनासा झाला.

मुळं शाबूत होती. रोप पुन्हा फुटणार हे मला माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी तो माझं दार शोधत भरपाई द्यायला आला, तेव्हा मी तसं काही बोलले नाही. सांगितलं असतं, तर तो परत कशाला आला असता? भरपाई म्हणजे काय, तर सिमेंटच्या रिकाम्या गोणीत भरलेलं लेंडीखत! लोक गुलाब आणतात... माझ्या नशिबी लेंड्या. पण खरं सांगू? गुलाब आणला असता तर मी दारातूनच परत पाठवला असता.

बिरदेवनं शेतीची पदविका केली होती. गावाबाहेर गोदावरीच्या अंगाला त्याचं शेळ्यांचं शेड होतं, घरी तो आणि त्याची आई मनकर्णाबाई. हे सगळं मला त्या गोणीच्या निमित्तानं कळलं. मग दर बाजारच्या दिवशी एक गोणी येऊ लागली. माझ्याकडं कुंड्या चार, आणि खत एकराला पुरेल एवढं! लेमन बाम मात्र पहिल्यापेक्षा दाट फुटलं.

एकदा मी त्याला लेमन बामचा चहा पाजला. पानं चुरगळून कपात टाकली, वर कढत पाणी, बशीनं झाकण. निवता निवता थोडा मध.

"दूध?"

"नाही."

"चहापत्ती?"

"नाही."

"मग ह्याला चहा काहून म्हणायचं?" असं म्हणत त्यानं कप संपवला आणि हळूच पुढं सरकवला. "...आजून हाय का?"

ओठांसाठीही मी मलम करायला घेतलं होतं. पहिल्यांदा घाईनं ओलीच पानं तेलात घातली, त्याला बुरशी आली. दुसऱ्यांदा पानं सावलीत कडक वाळवली, करडीच्या तेलात मुरवली, गाळून त्यात मधमाशीचं मेण वितळवलं आणि छोट्या डबीत ओतलं. डबी त्याच्या हातात दिली.

"आरसा न्हाई मॅडम. कुठं लावायचं, तुमीच दावा."

"ओठ कुठं असतात माहीत नाही? नाकाच्या खाली!"

त्यानं बोटानं मलम लावलं, पण नजर काही माझ्यावरून हलेना. मी उगीच कुंडीतलं नसलेलं गवत उपटत बसले.

पुढच्या वेळी तो गोणीशिवाय आला. मला एकदम चुकल्यासारखं झालं.

"खत संपलं का?"

"न्हाई. ओठ बरे झालेत... म्हणून बोलायला आलो." मफलरचं टोक त्यानं बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तुमी मला आवडता. लय."

"माहीत आहे," मी म्हणाले. "एवढं खत कुणी उगीच देत नाही." आणि मग कुंडीकडं बघत म्हणाले, "मलाही... तुम्ही आवडता."

त्या संध्याकाळी मी परभणीला बाबांना फोन केला. आम्ही बौद्ध, बिरदेव धनगर. माझे बाबा, सटवाजी, कचेरीत कारकून आहेत. आवाज चढवणं त्यांना ठाऊक नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरगं कसं हाय ते मी नंतर बघतो. त्याची माय तुझ्या हातचा चहा पिती का, ते आधी बघ. माझ्या लहानपणी लोकांच्या घरी आपली कपबशी वेगळी असायची, वळचणीला खोचलेली. जिथं कपबशी वेगळी, तिथं मी तुला देणार न्हाई साक्षी."

मीही तशा घरात गेले नसते. पण बिरदेवला सोडायचं म्हटलं तरी जीव कासावीस होत होता.

रविवारी डबीत ताजी पानं घेऊन मी त्याच्या घरी गेले. मनकर्णाबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. चुलीवर शेळीचं दूध तापत होतं.

"मावशी, चहा मी करते," मी म्हणाले आणि डबी उघडली.

लिंबाचा वास दरवळला तशी त्या दचकल्या. "लिंबू? दुधाजवळ आणू नको, नासंल!"

"नुसता वास लिंबाचा आहे मावशी. आंबट नाही."

"लिंबाचा वास आन् आंबट न्हाई? मला सांगती का!" त्या उठल्या. फळीवरून एक लहान पातेली काढली, एक कप काढला आणि माझ्यापुढं बाजूला ठेवला. "घे. ह्यात तुझं येगळं कर."

वेगळं. बिरदेवचा चेहरा उतरला.

"माय, हे काय—"

"तू गप रे."

उठून निघून जावं असं वाटलं. पण बाबांना काय सांगायचं, ते डोळ्यांनी बघूनच सांगायचं होतं. पातेलीत दूध घेतलं, चहापत्ती, साखर घातली. उकळी आल्यावर उतरवलं, पानं टाकली, झाकण ठेवलं. मग चहा कपात गाळला.

"फाटलं का?"

"नाही."

"पिऊन दाव."

मी एक घोट घेतला. तेवढ्यात मनकर्णाबाईंनी माझ्या हातातला तोच कप ओढून घेतला आणि तोंडाला लावला... जिथं मी ओठ लावले होते, तिथंच! सगळा संपवूनच खाली ठेवला.

"न्हाई गं फाटलं! बिऱ्या, लय ग्वाड हाय." मग माझ्याकडं वळून, "घाल आता मोठ्या पातेल्यात. समदं दूध नासलं आसतं म्हंजे? शेळ्या पिळून पिळून हात मोडतेत माझे. म्हून आधी वाईच करून बघितलं."

माझे डोळे भरून आले. त्यांनी ते पाहिलं. रिकाम्या कपाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कपाचं मनाला लागलं व्हय?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझी सासू ठेवायची तसला कप. मी न्हाई ठेवत, पोरी." आणि पदरानं माझे डोळे पुसत लगेच दटावलं, "ह्याच्या ओठाला काय लावतीस? बेंबीत तेल घालायचं सोडलं त्यानं. मला बी दे."

बिरदेवकडची मलमाची डबी मी त्यांना दिली. त्यांनी बोटभर मलम ओठांना फासलं, आणि बिरदेव हसला... मोकळं, तोंडभर. ओठ दाबायची गरजच उरली नव्हती.

अंगणात येऊन मी फोन लावला. "बाबा, प्यायल्या. माझाच उष्टा कप घेतला."

पलीकडं बाबांनी घसा खाकरला.

"बरं... आपल्या घरच्या चहात त्यांला साखर किती लागंल, तेवढं इचारून ठेव."