सात नंबरचं कुलूप

बसा. अजून थोडं जवळ या, मला ओरडून सांगता येत नाही. आणि ते मोबाइल पालथे घाला बरं. बंद नका करू, नुसते पालथे घाला.

मी ज्या कारखान्याच्या फाटकावर जन्म काढला, तिथली ही गोष्ट. ज्याच्यावर बेतली त्याने स्वतःच्या तोंडाने मला सांगितली, आणि शेवटचा भाग तर या डोळ्यांनी पाहिलाय.

त्याला सगळे लवकरराव म्हणत. रात्रपाळीचा इन्चार्ज. दर दोन वाक्यांमागे एक 'लवकर'. चहासुद्धा उभ्याने, फुंकर न घालता प्यायचा आणि जीभ भाजली की चहावरच चिडायचा. त्याची बायको म्हणायची, "तुम्ही स्मशानातसुद्धा रांग मोडून पुढे घुसाल." माणूस मनाचा वाईट नव्हता. घाईचा होता.

त्या रात्री त्याची सुट्टी होती. जानेवारीतला दुसरा गुरुवार, रात्रीचे सव्वाअकरा. जेवून तो नुकता आडवा झाला होता, तेवढ्यात बायको मोरीतून आली. हातात मुलाचा मोबाइल.

"बघा, पोरगा फोन नळापाशी विसरून गेला. देऊन या."

"सकाळी येईलच की घरी."

"फोनशिवाय तिथे त्याचं पान हलत नाही म्हणे. उठा. तुम्हीच त्याला त्या कामाला लावलंत."

उठला बापडा. मुलाचा फोन उजव्या खिशात, स्वतःचा डाव्या. स्कूटर काढली आणि निघाला.

आता जरा मागे जायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडे प्लास्टिकचे मोठे ड्रम बनायचे. साच्याचे दोन भाग, एकेक भाग घराच्या दाराएवढा. ते मिटतात, आत गरम प्लास्टिक शिरतं, उघडतात, ड्रम बाहेर पडतो. साचा पुसायला माणसाला त्या दोन जबड्यांच्या मध्ये शिरावं लागतं. पूर्वी आत जाणारा भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढायचा, खटक्याच्या कडीत स्वतःचं कुलूप घालायचा आणि किल्ली खिशात टाकून मगच शिरायचा. मालक आला तरी ते कुलूप दुसऱ्याने उघडायचं नाही, अशी रीत.

मग मोबाइलचं आलं. मशीनना तारा जोडल्या, सगळी खबर लांब कुठल्या तरी कॉम्प्युटरवर जायला लागली. क्लाऊड म्हणतात त्याला. आम्ही ढग म्हणायचो. कोणती मशीन चालू, कोण कुठे उभा, सगळं फोनवर. कुलूपही फोनवरच. शिरण्याआधी फोनवर मशीन बंद करायची. बाहेर आलं की इन्चार्जला निरोप जायचा, 'आत कोणी नाही, सुरू करू?' इन्चार्जने घरी बसून अंगठा टेकवला की मशीन सुरू. मशीनच्या दाराला एक सेन्सर होता, दार उघडं असलं की मशीन अडवायचा. त्याने काम खोळंबतं म्हणून लवकररावाने तो तारेने बांधून ठेवला होता.

आता ढगाला माणूस दिसतो होय? त्याला दिसतो फोन. फोन हॉलच्या बाहेर, म्हणजे माणूस बाहेर.

ही गोष्ट एकाच माणसाला खुपली. मिस्त्रीला. मिस्त्री म्हणजे लवकररावाच्या बायकोचा थोरला भाऊ.

"माझं कुलूप मला राहू द्या, भाऊजी," तो म्हणाला. "किल्ली माझ्या खिशात, म्हणजे माझा जीव माझ्या खिशात."

"तुझा जीव आता ढगात ठेवलाय मिस्त्री. तिथून कोणी चोरत नाही."

"ढगात गेलेला माणूस परत आलेला नाही बघितला मी."

पोरं हसली. लवकरराव नाही हसला. सगळ्यांसमोर त्याने मिस्त्रीची गचांडी धरली आणि त्याला भिंतीवर आदळलं. ओठ फुटला मिस्त्रीचा. तेवढ्यावर भागलं नाही. ग्राइंडर मागवला आणि सात नंबरच्या मशीनच्या खटक्याची कडी लवकररावाने आपल्या हाताने कापली. ठिणग्या मिस्त्रीच्या पायांवर पडत होत्या, तो बाजूला सरला नाही. ओठ पुसला आणि कुलूप उचललं. पितळी होतं, कानशीने तीन रेघा मारलेल्या.

"मग हे इथे राहील," असं म्हणून छातीवरच्या खिशात ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात मिस्त्रीने फोनवर सात नंबर बंद केली. फोनची बॅटरी संपत आली होती, म्हणून तो कॅन्टीनमध्ये चार्जिंगला लावला आणि परत येऊन साच्यात शिरला. ढगाने पाहिलं, फोन बाहेर. लवकरराव घरी झोपला होता. निरोप आला. त्याने डोळे न उघडता अंगठा टेकवला.

साचा मिटला. ओलं लाकूड मोडावं तसा एक आवाज झाला. मग गरम प्लास्टिक शिरलं. मग साचा उघडला. मशीनला काय, तिच्या लेखी तो एक ड्रम.

खिशातलं कुलूप बरगड्यांत रुतून पत्र्यासारखं चपटं झालं होतं. तीन रेघांवरून ते लवकररावानेच ओळखलं.

चौकशीत तो म्हणाला, सिस्टीमने आपणहून सुरू केली. वरच्यांनाही ते सोयीचं होतं. ढगाला कोण जाब विचारणार? बायकोलाही त्याने तेच सांगितलं. ती भावासाठी रडली, आणि नवऱ्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. वर्षाने मामाच्या जागेवर भाचा लागला. म्हणजे लवकररावाचा मुलगा.

तर स्कूटर.

पुलापाशी पोचला आणि डाव्या खिशातला फोन थरथरला. सुट्टी असली तरी निरोप यायचे ते त्यालाच. स्कूटर थांबवली, फोन काढला.

सात नंबर. आत कोणी नाही. सुरू करू?

अंगठा सवयीने निघालासुद्धा होता. मग नजर खाली गेली, पाठवणाऱ्याच्या नावावर.

मिस्त्री.

त्याने मनाची समजूत घातली. मेलेल्या माणसाचं नाव ऑफिसच्या पोरांनी काढलंच नसेल. 'नको' दाबलं. फोन खिशात टाकताना हात दुसऱ्या फोनला लागला. मुलाच्या.

पोराचा फोन माझ्या खिशात... म्हणजे ढगाला पोरगा दिसत नाही... म्हणजे पोरगा आहे कुठे?

हॉलमध्ये फोन लावला. वाजत राहिला. जेवणाची सुट्टी झालेली, कोण उचलणार. स्कूटर पिळली. वाटेत पुन्हा थरथर. सात नंबर. सुरू करू? या वेळी खाली 'नको' नव्हतंच. फक्त 'हो'.

कोणाचा वाजला रे?... राहू दे. बघू नका.

मी फाटक उघडलं. "काय लवकरराव, सुट्टीच्या दिवशी? आज जरा जास्तच लवकर."

"सातवर कोण आहे?"

"तुमचाच पोरगा. जेवायच्या आधी साचा पुसतो म्हणाला. फोन विसरला म्हणून जोडीदाराच्या फोनवरून बंद केली मशीन."

"जोडीदार कुठे?"

मी बोट दाखवलं. जोडीदार माझ्या खोलीच्या भिंतीला टेकून विडी ओढत होता. फोन कानाला.

लवकरराव पळाला. मी त्याच्या मागे, माझ्या पायांना जमेल तसा.

हॉल शांत होता. इतकी वर्षं तिथे काढली, पण शांतता पहिल्यांदा ऐकली. सात नंबरवर एकच दिवा. दोन जबड्यांच्या मध्ये पोरगा, पाठमोरा, कानात कापसाचे बोळे. काहीतरी गुणगुणत पुसत होता.

फोन लवकररावाच्या खिशात. कोणी हात लावला नव्हता...

तरी मोटर बोलली.

खटका भिंतीवर, त्या टोकाला. पोरगा या टोकाला. दोन्हीकडे पोचता येणार नव्हतं. त्याने जाता जाता लाल बटणावर मूठ हाणली. मशीनने ऐकलं नाही. साचा सरकायला लागला. त्याने आत उजवा हात घातला, पोराची कॉलर धरली आणि सगळ्या अंगानिशी ओढला. पोरगा बाहेर फेकला गेला, लोखंडी कडेवर डोकं आपटलं, कपाळ फुटलं. पण सुटला.

बापाचा हात सुटेना.

आतून कोणीतरी धरला होता.

रिकाम्या साच्यातून...

घट्टे पडलेला तळवा. ओळखीचा. लग्नात बहिणीचा हात याच तळव्याने त्याच्या हातात दिला होता.

"भाऊजी..."

साचा येतच होता.

"...लवकर."

हे त्याने ऐकलं. मी नाही ऐकलं. मी ऐकलं ते त्याचं उत्तर, आणि खाली पडलेल्या पोरानेही ऐकलं.

"मी दाबलं होतं, मिस्त्री. सिस्टीमने नाही. मी. झोपेत."

...

चार बोटं सुटली. एकेक करून, कोणी मोजून द्यावी तशी. अंगठा नाही सुटला. आधी नख फुटलं. मग हाड. साच्याच्या फटीतून रक्त बारीक धारेने उडालं, माझ्या सदऱ्यावर आलं.  

मग भिंतीकडे धाडकन आवाज झाला. खटका खाली पडला. मशीन थांबली.

पोरगा जगला. कपाळावर टाके पडले एवढंच. दवाखान्यात त्याने आईला सगळं सांगितलं, बापाच्या समोर. तिने ऐकून घेतलं. उशाशी पाण्याचा भरलेला तांब्या होता, तो उचलला आणि नवऱ्याच्या कपाळावर घातला. एकदाच. मग खाली बसून पदराने तेच रक्त पुसत राहिली. त्या रात्रीपासून लवकररावाच्या तोंडून 'लवकर' हा शब्द कोणी ऐकलेला नाही.

खटका कोणी ओढला ते बघायला मी तेव्हाच गेलो होतो. कोणी नव्हतं. खटका खाली, आणि त्याला कुलूप लावलेलं. पितळी. तीन रेघा. गोल, धड, कुठे चेपलेलं नाही. चपटं झालेलं कुलूप मिस्त्रीच्या बहिणीच्या कपाटात रुमालात बांधलेलं आहे, ते आजही तिथेच आहे. आणि कडी तर केव्हाच कापलेली. हे कुलूप अडकलंय तरी कशात, ते मी वाकून वाकून पाहिलं...

सात नंबर तेव्हापासून बंद. मालकाने एकदा कुलूप तोडायला बाहेरून माणूस आणला. त्याने नेम धरायला म्हणून कुलूप हातात घेतलं, पुन्हा सोडलं आणि सामान आवरून निघाला. फाटकावर मी विचारलं, "काय रे, झालं काम?"

"नाही काका," तो म्हणाला. "ते कोमट आहे. कोणीतरी आत्ताच खिशातून काढल्यासारखं."