कीथचं पाणी

ऑलिव्हची जुनी बाटली काउंटरवर ठेवताना नेरिदाला उगाचच अपराधी वाटलं. बाटलीत तिच्या परसातल्या पोहण्याच्या तलावाचं पाणी होतं. पातळ ताकासारखं, आणि वर बोटभर फेस.

काउंटरमागच्या माणसाने बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. उन्हाने रापलेले हात, कानामागे पेन्सिल, शर्टावर शिवलेलं नाव – ब्रॅम.

"तलावात भांडी घासलीत का?"

"नाही, कपडे धुतले," ती म्हणाली. "भांडी उद्या."

तो हसला. पर्थच्या जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, तलावाचं पाणी तपासून देणाऱ्या त्या दुकानात गर्दी होती, प्रत्येकाच्या हातात आपापल्या पाण्याची बाटली. तरी तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, असं तिला वाटलं. सात आठवड्यांत तिच्या बोलण्यावर कोणी हसलं नव्हतं. खरं तर सात आठवड्यांत ती फारसं बोललीच नव्हती.

त्याने पत्ता विचारला. सतरा, वॉटल स्ट्रीट. टाइप करणारी त्याची बोटं थांबली.

"हे तर कीथचं घर."

"मी त्याची मुलगी."

त्याने कीबोर्डवरून हात काढला. मग हळूच म्हणाला, कीथ दर शनिवारी यायचा. दोन शनिवार आला नाही, आणि नंतर पेपरात तो गेल्याची बातमी वाचली. नेरिदाने मान हलवली.

मग कामाचं बोलणं सुरू झालं. येत्या शनिवारी घर बघायला लोक येणार होते. एजंटबाईने बजावलं होतं, असा तलाव दिसला तर लोक दारातूनच परत जातील. घर विकलं की नेरिदा मेलबर्नला परतणार होती. पाण्यात काय काय घातलं, असं ब्रॅमने विचारलं. तिने सांगितलं, शेडमधल्या फळीवर निळी बाटली आहे, तिच्यातलं एक टोपण.

"किती वेळा?"

"रोज."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "रोज... सात आठवडे?"

तिला एकदम कानकोंडं झालं. लहानपणी ते टोपण ओतायचं काम तिचं असायचं. रविवारी सकाळी, झोपेच्या कपड्यांत, बाबाचा हात पाठीवर. तलावाची बाकी सगळी निगा बाबा करायचा. तिला फक्त टोपण आठवत होतं. आणि हल्ली सकाळी उठल्यावर करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

ब्रॅमने टोमणा मारला नाही. ते औषध शेवाळासाठी, आठवड्यातून एकदाच, असं त्याने समजावलं. जास्त झालं की फेस येतो. शिवाय क्लोरीन पार संपलंय, म्हणून पाणी गढूळ. आता औषध बंद. एक तृतीयांश पाणी सोडायचं, नवं भरायचं, संध्याकाळी क्लोरीन टाकायचं आणि फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवायचा.

"पाणी सोडायचं नाही," नेरिदा म्हणाली. स्वतःच्या आवाजातली घाई तिची तिलाच ऐकू आली.

"दुसरा उपाय नाही."

तिने बाटली उचलली आणि निघाली.

संध्याकाळी ती मागच्या पायरीवर बसली. समुद्रावरून तो गार वारा आला, ज्याला पर्थकर 'डॉक्टर' म्हणतात, गल्लीत कोणीतरी नेहमीसारखं "डॉक्टर आला" म्हणालं, आणि फेसाचे पुंजके उडून लिंबाच्या झाडावर बसले. बाबा शेवटच्या दिवसापर्यंत याच पाण्यात पोहला होता. उजाडताना चाळीस फेऱ्या. त्या सकाळीही चाळीस झाल्या असतील का... तिला माहीत नव्हतं. घरातल्या वस्तूंची खोकी भरून झाली होती. उशीचा वाससुद्धा गेला होता. हे पाणी तेवढं उरलं होतं.

मंगळवारी ती पुन्हा बाटली घेऊन गेली. काहीच केलं नव्हतं, तरी गेली. ब्रॅमने पाणी तपासलं, तिच्याकडे पाहिलं, आणि का सोडलं नाही ते विचारलं नाही. त्याने फक्त संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

अकरा वर्षांचे शनिवार होते त्यावर. तारीख, आकडे, आणि शेवटी शेऱ्यांची बारीक ओळ. दर डिसेंबरात एक शेरा सापडत होता. 'मुलगी तेवीसला येतेय.' 'मुलगी बहुतेक येणार.' एका डिसेंबरात नुसतेच आकडे होते. त्या वर्षी तिने सुट्टी नाही असं सांगितलं होतं. मग गेल्या नोव्हेंबरातली शेवटची ओळ: 'मुलगी वीस डिसेंबरला. पाणी काचेसारखं हवं.'

ओळी पुसट व्हायला लागल्या. "हे कोणी लिहिलं?"

"गेल्या सहा वर्षांचे शेरे मी. तो सांगायचा, मी टाइप करायचो." जरा थांबून त्याने पडद्यावर बोट टेकवलं. "हेही वाचा. दर सप्टेंबरात."

'एक तृतीयांश पाणी सोडलं. लॉन खूश.'

दर वर्षी. बाबा स्वतःच पाणी सोडत आला होता, दर वर्षी, आणि पाण्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. नेरिदाने ती ओळ पुन्हा वाचली. मग तिने विचारलं, पाइप कुठे जोडायचा?

पाइप जोडून द्यायला दुकान बंद झाल्यावर ब्रॅम आला. पाइपातून पाणी लॉनवर पसरलं, सुकलेल्या गवतात शिरलं, आणि ती पायाखालची ओल बघत उभी राहिली. बुधवारी तो सूर्य मावळताना क्लोरीनची बादली घेऊन आला. दिवसा टाकलं तर ऊनच खाऊन टाकतं, म्हणाला. नव्या पाण्याने तलाव पुन्हा काठोकाठ भरला होता. त्याने पाणी उलट्या दिशेने सोडून फिल्टर धुतला. फिल्टरवरच्या छोट्या काचेतून आधी चहासारखं, मग फिकट, मग स्वच्छ पाणी जाताना दोघं डोकं जवळ आणून बघत होते. त्याच्या शर्टाला क्लोरीनचा वास होता. लहानपणच्या टॉवेलांसारखा.

"तुमच्या घरी तलाव आहे?" तिने विचारलं.

"भाड्याची खोली आहे. बादली आहे एक." मग, तिच्याकडे न बघता, "तू तेव्हा का नाही आलीस? त्या डिसेंबरात?"

तिला राग यायला हवा होता. आला नाही. "कोणीतरी माझ्यासोबत येणार होतं. ते आलं नाही. मग बाबासमोर एकटं यायची लाज वाटली." हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

"त्याला चाललं असतं," ब्रॅम म्हणाला.

"आता माहीत आहे."

गुरुवारी बाटली तपासून तो म्हणाला, थोडं बाकी आहे, उद्या पुन्हा आण. शुक्रवारीही तेच. तलावाच्या उथळ बाजूचा तळ तोवर दिसू लागला होता.

शनिवारी सकाळी पाणी निवळलं. नेरिदा कॉफीचा कप घेऊन खोल बाजूला गेली आणि तिथेच थांबली. तळाशी, फरशीच्या कोपऱ्यात, बाबाचा पोहायचा चष्मा पडला होता. सात आठवडे ती खोक्यांमध्ये तो शोधत होती.

अकराला लोक आले. एका जोडप्याने पाण्याकडे बघून एकमेकांचा हात धरला, आणि घर विकलं जाणार हे नेरिदाला तेव्हाच कळलं. एजंटबाई जाळी घेऊन चष्मा काढायला निघाली. नेरिदा म्हणाली, राहू दे.

दुपारी दोनला दुकान बंद करून ब्रॅम आला. त्याच्या हातात आज काहीच नव्हतं.

"एक सांगायचंय," तो जाळीच्या दाराशीच थांबून म्हणाला. "आकडे गुरुवारीच बरोबर होते. उरलेलं काम फिल्टरचं होतं. तुला बाटली आणायला लावायची गरज नव्हती."

नेरिदाने ओठ दाबून हसू आवरलं. "शुक्रवारची बाटली नळाची होती. दुकान बंद व्हायला दहा मिनिटं राहिली होती, तलावापर्यंत जायला वेळ नव्हता."

"माहीत आहे."

"माहीत होतं?"

"नळाचं पाणी ओळखता येत नसेल, तर मी त्या काउंटरमागे काय करतोय?" तो म्हणाला. "तरी उद्या आण म्हटलं."

दोघं काठावर गेले. त्याला चष्मा दिसला. त्याचा हात भिंतीवरच्या जाळीकडे गेला, मग त्याने तो मागे घेतला. तो काठावर बसला, बूट काढले, पाय पाण्यात सोडले.

नेरिदा आहे त्याच कपड्यांत उतरली. पाणी छातीपर्यंत आलं, गार, आणि तिने श्वास भरून बुडी मारली. खाली सगळं स्वच्छ होतं. कानात दाब, निळा उजेड, आणि तिच्या मुठीत आलेला रबराचा मऊ पट्टा. ती वर आली तेव्हा रडत होती, पण ओल्या चेहऱ्यावर ते कळत नव्हतं. ब्रॅमला कळलं असावं. त्याने हात पुढे केला. तिने तो धरला, पण बाहेर आली नाही.

"घर घेणाऱ्यांच्या ताब्यात जायला महिना लागेल," ती म्हणाली. "तोवर पाण्याकडे कोणीतरी बघायला हवं. मी... मेलबर्नचं तिकीट पुढे ढकलतेय."

"आणि महिन्यानंतर?"

"महिन्यानंतर काय, ते मला नाही माहीत, ब्रॅम."

त्याने मान हलवली. तेवढ्यावर तो खूश दिसला. "मग बाटली दर शनिवारी आण. कीथसारखी."

"बाटली नको," नेरिदा म्हणाली. तिने बाबाचा चष्मा त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "उद्या उजाडताना ये. चाळीस फेऱ्या एकटीला जमणार नाहीत."