उष्ट्या चमच्याचं विरजण

"मंदा, विरजण मागायला आलेल्या बाईला रिकाम्या वाटीने परत पाठवू नये."

सासूबाईंचं हे सांगणं डॉ. मंदाकिनी सोहोनींनी चंद्रावरच्या सोमनगर वसाहतीतही पाळलं होतं. आता प्रयोगशाळेच्या दाराला टेबल लावून त्या उभ्या होत्या आणि बाहेर कोणीतरी कोठीवाल्या कदमांना लोखंडी पाइपने मारत होतं. कदमांचं ओरडणं थांबलं, तरी पाइपचा आवाज थांबला नाही.

"गेले ते," वसाहतीचे डॉक्टर हेरंब ताटके म्हणाले. त्यांचा डावा हात सकाळी त्यांच्याच रुग्णाने मोडला होता, तो गळ्यात बांधलेला होता. "मंदाताई, ज्याचं रक्त तपासावं त्याच्यात थायरॉईडचं संप्रेरक अफाट. छाती धडधडतेय, डोळे तारवटलेत, झोप नाही. कुठून आलं हे?"

मंदाकिनीबाईंनी शीतपेटीतून दह्याची बरणी काढून समोर ठेवली. "ह्यातून."

त्यांची स्वतःची थायरॉईड ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली होती. रोजच्या गोळीला पर्याय म्हणून त्यांनी दह्यातल्या जंतूंपासून 'तेजाणू' घडवले होते. तेजाणू आतड्यात वस्ती करत, जेवणातलं आयोडीन घेऊन संप्रेरक बनवत. वर्षभर मंदाकिनीबाई ह्या तेजाणूंवरच जगत होत्या.

"मग तुम्ही कशा शांत?"

"ग्रंथीला पुरे म्हणून सांगणारा मेंदू असतो, डॉक्टर. तेजाणू कोणाचं ऐकत नाहीत. आयोडीन मिळेल तेवढं संप्रेरक बनवतात. मी मीठ मोजून खायची, आणि चातुर्मासात तर सोडलंच आहे. दुधातलं आयोडीन मला पुरतं. बाकीच्यांच्या ताटात पापड, लोणचं, सगळ्यात आयोडीनचं मीठ."

"पण त्यांच्या पोटात हे गेलं कसं?"

"पुष्पा वाटी घेऊन आली होती. मी दिलं ते साधंच विरजण होतं." त्या थांबल्या. "चमचा मात्र मी नुकताच माझ्या दह्यात घातलेला."

शेजारची पुष्पा बिडवे महिन्यात सडसडीत झाली, पहाटे उठून सगळं घर घासू लागली. इथे माणसाचं वजन आधीच सहावा हिस्सा, तरी बायकांना कंबर हवी होती आणि पुरुषांना दम. औषध नको, नैसर्गिक काहीतरी हवं, म्हणत घरोघरी तिचं विरजण गेलं.

"मीठ बंद करू."

"उपयोग नाही. वापरलेल्या संप्रेरकातलं आयोडीन ते परत घेतात. तेजाणूच मारायला हवेत." त्यांनी एक कुपी उचलली. "हे भक्षकाणू. फक्त तेजाणूंना खातात. मी ते आधीच करून ठेवले होते. दोन-तीन दिवसांत माणसं निवळतील."

"आणि सुई टोचायला धरणार कोणाला? माझा हात बघा."

"सुई नको. भूक भागत नाहीये त्यांची. मारामारीतून उठून दही खातात. दह्यातूनच द्यायचं."

भिंतीवरचं संदेशयंत्र खुरखुरलं. पुष्पाचा आवाज धापा टाकत होता. "ताई, यांना न्हाणीघरात घालून कडी लावलीय मी. माझ्या हातातून सुरी सुटत नाहीये. ते आतून माझं नाव घेतात, आणि मला कडी काढावीशी वाटते. लवकर काहीतरी द्या."

"येते गं. आलेच. तोवर कडीला हात लावू नकोस."

त्यांनी कुपी दह्यात रिकामी केली आणि ढवळलं.

"दारात ठेवून परत या," ताटके म्हणाले.

"विष म्हणतील. काल साठ्यांनी बायकोने दिलेल्या पाण्यावरून तिचा गळा दाबला. विरजण दिलं मी, तेव्हा मीच समोर खाऊन दाखवल्याशिवाय कोणी तोंडाला लावणार नाही."

ताटक्यांनी बरणीवर हात ठेवला. "मग तुमचे तेजाणू?"

"तेही जातील. भक्षकाणू पोटात टिकून राहतात, नवे तेजाणू घातले तरी त्यांनाही खातील."

"आणि गोळ्या?"

"मीच म्हणाले होते, आता कशाला मागवता म्हणून. पुढचं यान येईपर्यंत सहा महिने आहेत."

"ग्रंथी नसलेलं माणूस तेवढं काढत नाही, मंदाताई."

"ठाऊक आहे. अंग गार पडत जातं, झोप वाढत जाते." त्या हलकंसं हसल्या. "कदमांपेक्षा बरं की."

कोपऱ्यातल्या बोटाएवढ्या अन्नपूर्णेसमोर त्यांनी बरणी क्षणभर ठेवली, पाणी फिरवलं, डोळे मिटले. मग दोघांनी मिळून टेबल सरकवलं.

बाहेर कोणी नव्हतं. पाइप रक्तात पडला होता. मंदाकिनीबाईंनी वाकून कदमांचे उघडे डोळे मिटले, हात लुगड्याला पुसला. पलीकडच्या वळणावर काचा फुटत होत्या, कोणीतरी हसत होतं.

त्यांनी बरणी पदराखाली घेतली, एकच चमचा कमरेला खोचला आणि भिंतीच्या कडेकडेने पुष्पाच्या दाराकडे चालू लागल्या.